केसांसाठीच्या बायोटिनमुळे हार्ट अटॅकची टेस्ट कशी चुकू शकते? अँटिबॉडी 'चिकटवण्या'मागची केमिस्ट्री समजून घ्या

केस गळतायत म्हणून अनेक जण बायोटिनच्या गोळ्या किंवा गमीज घेतात. रील्समध्ये त्यांची शिफारस होते, मेडिकलमध्ये त्या चिठ्ठीशिवाय मिळतात आणि 'व्हिटॅमिनच तर आहे' असं म्हणून कुणी ते डॉक्टरांना सांगतही नाही.

पण नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजेच एफडीएने, याच व्हिटॅमिनबद्दल एक इशारा दिला. शरीरात बायोटिन जास्त असेल तर रक्ताच्या काही चाचण्यांचे रिपोर्ट चुकू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. मोठ्या डोसमध्ये बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाची ट्रोपोनिन चाचणी खोटी 'कमी' आली आणि त्यानंतर त्या रुग्णाचा मृत्यू झाला, अशी नोंद एफडीएकडे आली होती. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन. हार्ट अटॅक ओळखताना डॉक्टर याच आकड्याकडे बघतात.

बायोटिन विषारी नाही. त्या रुग्णाच्या रक्तातलं ट्रोपोनिनही त्याने कमी झालं नव्हतं. गोंधळ झाला तो चाचणीच्या आत, जिथे अँटिबॉडी एका पृष्ठभागाला चिकटवलेल्या असतात तिथे.

प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी, कोविडचं घरगुती किट, मलेरियाची झटपट चाचणी, लॅबमधली थायरॉइडची टेस्ट या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: अँटिबॉडी एखाद्या पृष्ठभागावर पक्की बसवायची कशी, आणि तीही तिचं काम न बिघडवता? या लेखात तेच सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी हे सांगा, बायोसेन्सर म्हणजे काय?

बायोसेन्सरचे दोन भाग असतात. पहिला भाग ओळखतो, दुसरा भाग कळवतो.

ओळखणारा भाग जैविक असतो. तो एन्झाइम असेल, डीएनएचा तुकडा असेल किंवा अँटिबॉडी असेल. कळवणारा भाग त्या ओळखीचं रूपांतर विजेच्या सिग्नलमध्ये, प्रकाशात किंवा रंगात करतो.

अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये एन्झाइम वापरून ग्लुकोज मोजणाऱ्या इलेक्ट्रोडची कल्पना मांडली. आज घरोघरी दिसणारा ग्लुकोमीटर त्याच कुळातला.

ग्लुकोजसाठी एन्झाइम सोयीचं आहे. पण व्हायरसचं प्रोटीन, एखादं हार्मोन किंवा ट्रोपोनिन शोधायचं असेल तर अँटिबॉडी लागते. मराठीत तिला प्रतिपिंड म्हणतात. आपलं शरीर तिचा वापर शत्रू ओळखायला करतं. शास्त्रज्ञ तीच ओळखण्याची ताकद उचलून चाचणीत बसवतात.

अँटिबॉडी दिसते कशी?

इंग्रजी 'वाय' अक्षर डोळ्यांसमोर आणा. वरचे दोन हात आणि खाली एक दांडा. ज्याला पकडायचं तो रेणू, म्हणजे प्रतिजन, दोन्ही हातांच्या टोकांना अडकतो. दांड्याचं टोक या पकडण्यात भाग घेत नाही.

तिचा आकार साधारण १० ते १५ नॅनोमीटर. केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटर धरली तर केसाच्या रुंदीत पाच हजारांहून जास्त अँटिबॉडी शेजारी शेजारी मावतील. एक चौरस सेंटिमीटर जागा अँटिबॉडीच्या एका थराने भरली तरी त्या थराचं वजन जेमतेम काही शे नॅनोग्रॅम भरतं.

आता अडचण कुठे आहे ते बघा. अँटिबॉडी हे घडी घातलेलं प्रोटीन आहे. घडी मोडली की ओळखण्याची ताकद गेली. ती चुकीच्या बाजूने चिकटली, म्हणजे हात खाली आणि दांडा वर, तर ती जागेवर असूनही निकामी. आणि ती नीट चिकटलीच नाही तर धुताना वाहून जाणार.

म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी साधायच्या: पक्की बसली पाहिजे, हात मोकळे राहिले पाहिजेत आणि घडी शाबूत राहिली पाहिजे.

सगळ्यात सोपी पद्धत: नुसतं चिकटू द्या

काही पृष्ठभागांवर प्रोटीन आपोआप चिकटतं. दुधाचं भांडं विसळायला उशीर झाला की काय होतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

१९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवॉल आणि पीटर पर्लमन यांनी एलायझा ही चाचणी मांडली. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये बाउके व्हॅन वीमेन आणि अँटन शूर्स यांनीही स्वतंत्रपणे तीच दिशा पकडली होती. आज एलायझा म्हटलं की ९६ छोट्या वाट्यांची प्लॅस्टिकची प्लेट समोर येते. हे प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन असतं.

पॉलिस्टायरिन पाण्याला दूर ठेवतं. प्रोटीनचेही काही भाग पाण्याला दूर ठेवणारे असतात. हे दोघं एकमेकांना धरतात. लॅबमध्ये अँटिबॉडीचं द्रावण वाट्यांमध्ये ओततात, बऱ्याचदा ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये, आणि प्लेट रात्रभर ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. सकाळी थर तयार.

प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीतही हेच तत्त्व आहे. तिथे नायट्रोसेल्युलोजचा सच्छिद्र पडदा असतो आणि त्यावर अँटिबॉडीची बारीक रेघ ओढून वाळवलेली असते. लघवीतलं एचसीजी हार्मोन वाटेत सोन्याचे नॅनोकण लावलेल्या अँटिबॉडीला अडकतं आणि मग या रेघेवर पकडलं जातं. तुम्हाला दिसणारी गुलाबी-लाल रेघ हा त्या सोन्याच्या कणांचा रंग. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं दिसत नाही, लाल दिसतं.

ही पद्धत स्वस्त आहे आणि कोट्यवधी पट्ट्या बनवायला उपयोगी आहे. पण तिच्या मर्यादा आहेत. अँटिबॉडी कशीही पडतात, कोणी उताणी तर कोणी पालथी. पृष्ठभागावर पसरताना काहींची घडी मोडते. आणि पकड कायमची नसल्याने काही निघूनही जातात.

पट्टीवर नुसती रेघ बघायची असेल तर हे चालून जातं. पण रक्तातलं अगदी थोडं ट्रोपोनिन अचूक मोजायचं असेल, किंवा एकच चिप पुन्हा पुन्हा वापरायची असेल, तर पृष्ठभाग रसायनांनी तयार करावा लागतो.

पृष्ठभाग 'तयार करणं' म्हणजे नेमकं काय?

भिंतीला रंग लावण्यासारखंच आहे. आधी घासायचं, मग प्रायमर, मग रंग. घासण्यात आळस केला तर रंग सहा महिन्यांत पापुद्र्यासारखा निघतो. इथेही टप्पे जवळपास तसेच आहेत.

टप्पा १: सफाई. सोनं किंवा काच डोळ्यांना चकचकीत दिसली तरी हवेतले तेलकट रेणू तिच्यावर बसलेले असतात. ते काढायला ऑक्सिजन प्लाझ्मा किंवा अतिनील किरण आणि ओझोन वापरतात. काही लॅबमध्ये सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वापरतात. त्याचं टोपणनाव 'पिरान्हा', त्या मांसाहारी माशावरून पडलेलं. सेंद्रिय पदार्थ दिसला की ते त्याचा फडशा पाडतं, आणि चुकून ॲसिटोनसारखं द्रावण त्यात मिसळलं तर स्फोटही होऊ शकतो. त्यामुळे ते प्रशिक्षित माणसानेच हाताळायचं.

टप्पा २: पहिला थर. ज्याचं एक टोक पृष्ठभागाला धरेल आणि दुसरं टोक पुढच्या कामासाठी मोकळं राहील, असा रेणू लावायचा.

टप्पा ३: मोकळं टोक 'जागं' करायचं, म्हणजे अँटिबॉडीशी बंध जोडायला तयार करायचं.

टप्पा ४: अँटिबॉडी सोडायची.

टप्पा ५: उरलेल्या जागा बुजवायच्या आणि सैल राहिलेलं सगळं धुऊन टाकायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक टप्प्यावर केमिस्ट्री वेगळी आहे.

सोन्याला गंधक का आवडतं?

सोनं गंजत नाही, कशाशी फारशी प्रक्रिया करत नाही, म्हणून तर आपण ते दागिन्यांत घालतो. पण गंधकाशी त्याचं जमतं.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी दाखवलं की, गंधक असलेले काही सेंद्रिय रेणू सोन्यावर आपोआप शिस्तीत उभे राहतात. गंधकाचं टोक सोन्याला धरतं, शेपट्या वर आणि सगळ्या एकाच दिशेला थोड्या कललेल्या, वाऱ्यावर झुकलेल्या भाताच्या शेतासारख्या. या थराची जाडी असते फक्त एक-दोन नॅनोमीटर. याला स्वयंरचित एकरेणू थर म्हणता येईल.

आता प्रयोगशाळेत थायॉल नावाचे गंधकयुक्त रेणू अल्कोहोलमध्ये विरघळवतात आणि सोन्याची चिप त्यात बुडवून ठेवतात. पहिली गर्दी काही मिनिटांत होते, पण रांगा सरळ व्हायला कित्येक तास लागतात. म्हणून चिप बहुधा रात्रभर बुडवून ठेवली जाते.

वरच्या टोकाला काय ठेवायचं, हे आपल्या हातात असतं. बहुतेकदा तिथे कार्बोक्सिल गट ठेवतात. पण सगळेच रेणू कार्बोक्सिलवाले घेतले तर अँटिबॉडींची दाटी होते. म्हणून त्यात दुसरे, कशाशीही न जुळणारे रेणू मिसळतात. रोपं अंतर ठेवून लावावीत तसं.

काच आणि सिलिकॉनचं काय?

काचेला गंधक धरत नाही. तिथे सिलेन नावाचे रेणू कामी येतात. स्वच्छ काचेच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट असतात. सिलेनचा सिलिकॉन त्यांच्याशी पक्का बंध करतो. सगळ्यात जास्त वापरला जाणारा सिलेन आहे एपीटीईएस. त्याच्या दुसऱ्या टोकाला अमिनो गट असतो.

इथे खरा शत्रू आहे ओलावा. थोडं पाणी लागतंच, पण जास्त झालं तर सिलेनचे रेणू काचेला धरण्याआधी एकमेकांनाच धरतात आणि गुठळ्या होतात. पिठलं करताना पीठ नीट हाटलं नाही की होतात तशा. मग थर कुठे जाड, कुठे पातळ. मुंबईच्या पावसाळ्यात आणि कोरड्या हिवाळ्यात एकाच कृतीने केलेला थर वेगळा येऊ शकतो, तो यामुळेच.

अमिनो टोक आणि अँटिबॉडी यांना जोडायला अनेकदा ग्लुटाराल्डिहाइड वापरतात. त्याला दोन हात असतात. एक हात पृष्ठभागावरचा अमिनो गट धरतो, दुसरा अँटिबॉडीवरचा.

टोक 'जागं' करायची युक्ती

कार्बोक्सिल टोक असेल तर सर्वांत प्रचलित जोडी म्हणजे ईडीसी आणि एनएचएस. ईडीसी कार्बोक्सिलला सक्रिय करतो. पण ही सक्रिय अवस्था पाण्यात फार टिकत नाही. एनएचएस तिच्या जागी थोडा जास्त टिकणारा गट बसवतो. मग अँटिबॉडीवरच्या लायसिन या अमिनो आम्लाचे अमिनो गट त्याला येऊन भिडतात आणि पक्का सहसंयुज बंध तयार होतो.

इथे एक चूक नवख्या विद्यार्थ्यांकडून हमखास होते. प्रोटीनच्या प्रयोगांत ट्रिस नावाचा बफर सर्रास वापरतात. पण ट्रिसमध्येही अमिनो गट असतो. अँटिबॉडी ट्रिसमध्ये असेल तर जागी केलेली सगळी टोकं ट्रिसच पटकावतो आणि अँटिबॉडी बाहेरच राहते. प्रयोग फसतो आणि कारण सापडायला आठवडे जातात. अँटिबॉडीच्या कुपीत टिकवण्यासाठी दुसरं प्रोटीन घातलेलं असेल तरी तोच घोळ. म्हणून कुपीवरचं लेबल आधी वाचायचं, हा पहिला नियम.

शेवटी उरलेली जागी टोकं तशीच सोडत नाहीत. इथेनॉलअमाइन हा छोटा रेणू सोडून ती बंद करतात. नाहीतर तपासणीच्या वेळी रक्तातलं भलतंच प्रोटीन तिथे कायमचं चिकटेल.

हीच केमिस्ट्री वापरून बायोसेन्सरचं एक मोठं यंत्र बाजारात आलं. १९८३ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंगमध्ये लीडबर्ग, नीलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी धातूच्या पातळ थरावर प्रकाश टाकून प्रोटीनची जोडी जुळताना टिपली होती. १९९० मध्ये स्वीडनच्याच फार्माशिया कंपनीने त्यावर आधारित 'बायाकोर' आणलं. त्याच्या प्रसिद्ध चिपवर सोन्याच्या वर साखरेच्या साखळ्यांचा, म्हणजे डेक्स्ट्रानचा, सुमारे १०० नॅनोमीटरचा मऊ थर असतो. सपाट जमिनीऐवजी गवताळ कुरण मिळाल्यामुळे अँटिबॉडी जास्त मावतात आणि पृष्ठभागावर आपटून मोडत नाहीत.

हात वर, दांडा खाली: दिशा कशी साधायची?

लायसिन अँटिबॉडीवर सगळीकडे विखुरलेले असतात. त्यामुळे वरच्या पद्धतीने बंध पक्का होतो, पण दिशा नशिबावर. काही अँटिबॉडी हातानेच चिकटतात आणि निकामी होतात. यावर काही उपाय आहेत.

पहिला उपाय जिवाणूंकडून उसना घेतलेला. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू 'प्रोटीन ए' बनवतो. हे प्रोटीन अँटिबॉडीला दांड्याकडून पकडतं. जिवाणू ते आपल्या प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी वापरतो. शास्त्रज्ञ तेच आधी पृष्ठभागावर बसवतात आणि मग अँटिबॉडी सोडतात. ती आपोआप हात वर करून उभी राहते.

दुसरा उपाय दांड्यावरच्या साखरेचा. अँटिबॉडीच्या दांड्यावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्या रसायनाने थोड्या बदलल्या की बंध तिथूनच जुळतो आणि हात मोकळे राहतात.

तिसरा उपाय म्हणजे बायोटिन. इथे आपण सुरुवातीच्या गोष्टीकडे परत येतो.

अंड्याचा पांढरा भाग आणि बायोटिनची घट्ट गाठ

अंड्याच्या पांढऱ्या भागात ॲव्हिडिन नावाचं प्रोटीन असतं. ते बायोटिनला इतकं घट्ट धरतं की कच्ची अंडी फार खाणाऱ्या माणसाला बायोटिनची कमतरता होऊ शकते. अंडं शिजवलं की ॲव्हिडिनची घडी मोडते आणि हा प्रश्न राहत नाही.

मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस ॲव्हिडिनी या जिवाणूतही असंच एक प्रोटीन मिळतं, स्ट्रेप्टॲव्हिडिन. त्याला बायोटिन पकडायच्या चार जागा असतात. सहसंयुज बंध नसतानाही निसर्गात आढळणाऱ्या सर्वांत घट्ट गाठींपैकी ही एक. आम्ल, उष्णता, धुणं या सगळ्यांत ती बऱ्यापैकी टिकते.

चाचणी बनवणाऱ्यांसाठी ही लॉटरीच होती. पृष्ठभागावर किंवा बारीक चुंबकीय मण्यांवर स्ट्रेप्टॲव्हिडिन लावून ठेवायचं आणि अँटिबॉडीला बायोटिनची शेपटी जोडायची. मग कोणतीही चाचणी असो, मणी तोच, फक्त अँटिबॉडी बदलायची. जगभरातल्या लॅबमधल्या अनेक स्वयंचलित यंत्रांत हीच पद्धत आहे.

आता समजा, रुग्णाच्या रक्तात आधीच खूप बायोटिन आहे. मण्यांवरच्या जागा ते मोकळं बायोटिनच बळकावतं. ट्रोपोनिन पकडून आलेल्या अँटिबॉडीला बसायला जागा उरत नाही. धुताना ती ट्रोपोनिनसकट वाहून जाते. यंत्र म्हणतं, 'ट्रोपोनिन कमी आहे'.

काही चाचण्यांत उलटं होतं. थायरॉइडच्या 'फ्री टी४' सारख्या चाचण्यांची रचना स्पर्धेवर आधारलेली असते. तिथे सिग्नल कमी म्हणजे हार्मोन जास्त. त्यामुळे बायोटिनमुळे टी४ खोटं वाढलेलं आणि टीएसएच खोटं कमी झालेलं दिसू शकतं. कागदावर अगदी वाढलेल्या थायरॉइडचं चित्र, आणि रुग्ण मात्र ठणठणीत.

रोजच्या जेवणातल्या बायोटिनने असं होत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. पण केस-नखांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत १० हजार मायक्रोग्रॅमपर्यंत बायोटिन असतं. एफडीएने २०१९ मध्ये हा इशारा अद्ययावत केला आणि काही कंपन्यांनी जास्त बायोटिन चालेल अशा नव्या चाचण्या आणल्या. पण सगळ्या चाचण्या बदललेल्या आहेत असं गृहीत धरता येत नाही.

रिकाम्या जागांवर रुमाल टाकणं

एसटीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात, ते आठवा. इथेही तसंच करावं लागतं.

अँटिबॉडी बसवल्यावर मधे मधे रिकामी जागा उरते. ती उघडी ठेवली तर रक्तातलं दुसरं प्रोटीन येऊन बसतं आणि खोटा सिग्नल येतो. ही भीती किती मोठी आहे, हे आकड्यांतून कळेल. एक लिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन हे प्रोटीन साधारण ४० ग्रॅम असतं. ट्रोपोनिन मात्र लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात. वजनाने पाहिलं तर अल्ब्युमिन अब्जावधी पटींनी जास्त. या जत्रेत नेमका आपला माणूस शोधायचा आहे.

म्हणून गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन किंवा दुधातलं केसीन आधीच सोडून सगळ्या रिकाम्या जागा भरून टाकतात. अनेक लॅबमध्ये यासाठी चक्क बिनसायीच्या दुधाची पावडर वापरतात. पण चाचणी स्ट्रेप्टॲव्हिडिनवाली असेल तर दूध टाळतात, कारण दुधातही बायोटिन असतं. याशिवाय पीईजी नावाच्या लवचिक साखळ्यांचं आवरण देतात. ती पाण्याला धरून ठेवतात आणि प्रोटीनला जवळ येऊ देत नाहीत.

थर नीट बसला हे कळतं कसं?

डोळ्यांना तर काहीच दिसत नाही. पण एक साधी परीक्षा आहे: पाण्याचा थेंब. स्वच्छ काचेवर थेंब पसरतो. पाण्याला दूर ठेवणारा थर बसला असेल तर तो अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल राहतो. थेंबाचा कोन मोजला की प्रत्येक टप्प्यानंतर पृष्ठभाग बदलला की नाही, याचा अंदाज येतो.

त्यापुढे चमकणारा रंग जोडून मोजणं, कंप पावणाऱ्या क्वार्ट्झवर वजन मोजणं, असे उपाय आहेत. पण अंतिम परीक्षा एकच. खरा प्रतिजन दिला की सिग्नल यायला हवा आणि भलतं प्रोटीन दिलं की यायला नको. 'किती अँटिबॉडी चिकटल्या' यापेक्षा 'किती अजून काम करतायत' हा आकडा महत्त्वाचा.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

मे २०२१ मध्ये आयसीएमआरने देशातल्या पहिल्या घरगुती कोविड अँटिजेन किटला मान्यता दिली. ते 'कोव्हिसेल्फ' किट पुण्याच्या मायलॅबचं होतं. त्या आधी, २०२० मध्ये, पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने 'कोविड कवच' ही एलायझा चाचणी विकसित केली होती. तिथे उलटी मांडणी होती: प्लेटवर व्हायरसचा भाग, आणि शोध रुग्णाच्या अँटिबॉडीचा.

पवईच्या आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने 'यू' अक्षरासारख्या वाकवलेल्या ऑप्टिकल फायबरवर बायोसेन्सर विकसित केले. वाकलेल्या भागात प्रकाश काचेच्या बाहेर किंचित डोकावतो. तिथे सिलेन, सोन्याचे नॅनोकण आणि अँटिबॉडी असे थर बसवले की पकडलेला रेणू प्रकाशातल्या बदलातून कळतो.

आणि गडचिरोली. मलेरियाचा जास्त भार असलेल्या या जिल्ह्यात तापाच्या रुग्णाचं बोटातून रक्त घेऊन झटपट चाचणी करण्याचं काम आशा सेविका करतात. त्या पट्टीवरही अँटिबॉडीच्याच रेघा असतात. बहुतेक किटवर ३० किंवा ४० अंश सेल्सिअसच्या वर ठेवू नका, असं छापलेलं असतं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत त्याहून जास्त. उष्णता आणि दमट हवा मिळून अँटिबॉडीची घडी मोडते, तिची पडद्यावरची पकड सैल होते आणि चाचणी मलेरिया असूनही 'नाही' म्हणू शकते. फॅल्सिपॅरम मलेरियात उपचाराला झालेला उशीर जिवावर बेततो.

मग कंट्रोलची रेघ आली की टेस्ट बरोबर, असं नाही का?

हा खूप मोठा गैरसमज आहे. कंट्रोल रेघ इतकंच सांगते की द्रव पट्टीवरून वाहिला आणि रंगीत कण पुढे पोहोचले. ती वेगळ्या अँटिबॉडीने बनलेली असते. टेस्टच्या रेघेवरची अँटिबॉडी उन्हाने निकामी झाली असेल तरी कंट्रोल रेघ ठळक येऊ शकते. कंट्रोल रेघ आली नाही तर टेस्ट बाद, हे नक्की. पण ती आली म्हणजे सगळं ठीक, असं नाही.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

• बायोटिन किंवा केस-नखांच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. किती मायक्रोग्रॅमची गोळी आहे, तेही सांगा. किती दिवस आधी बंद करायची, हे डोस आणि चाचणीवर अवलंबून असतं, म्हणून ते त्यांनाच विचारा.

• छातीत दुखत असेल तर 'गोळी बंद करून मग जाऊ' असं अजिबात करू नका. लगेच हॉस्पिटल गाठा आणि तिथे गोळीबद्दल सांगा.

• रिपोर्ट आणि तब्येत यांचा मेळ बसत नसेल तर चाचणी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

• घरगुती किट फ्रिजवर, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बाथरूममध्ये ठेवू नका. पाकीट वापरायच्या वेळीच फोडा. आतली ओलावा शोषणारी पुडी उगाच नसते.

• एक्स्पायरी डेट उलटलेलं किट 'चालतंय की' म्हणून वापरू नका. रेघ दिसते ती अँटिबॉडी शाबूत असेल तरच.

• लक्षणं असतील आणि घरगुती टेस्ट निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबून घरी बसू नका. डॉक्टरांना दाखवा.